पवनचक्क्यांचे लाल दिवे: रात्रीचा अंधार परत मिळवण्याच्या पायऱ्या

अंधाऱ्या रात्री मोकळ्या माळावर उभं राहावं, डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं द्यावीत, आणि नेमकं तेव्हाच क्षितिजावरची पवनचक्क्यांची रांग एकदम लाल व्हावी. विझावी. पुन्हा लाल व्हावी. हे रात्रभर चालतं. लुकलुकणाऱ्या गोष्टीकडे डोळा आपोआप वळतो, त्यामुळे तारे पाहायला आलेला माणूस दिवेच पाहत बसतो. ज्यांच्या खिडकीसमोर ही रांग आहे त्यांची तर त्यातून सुटकाच नाही.

मला पवनऊर्जा हवी आहे आणि अंधारही हवा आहे. या दोन्हींत निवड करावी लागत नाही, हे पटल्यामुळेच हा लेख लिहितो आहे. जवळपास विमान असेल तेव्हा इशारा दिवा लागलाच पाहिजे. पण बहुतेक ठिकाणी रात्रीचे कितीतरी तास जवळ एकही विमान नसतं आणि तरी दिवा चालूच राहतो. खाली दिलेल्या पायऱ्या गावकऱ्यांना, आकाशनिरीक्षकांना आणि पवनचक्क्या चालवणाऱ्यांनाही उपयोगी पडतील. स्वस्त आणि सोपं आधी घेतलं आहे, खर्चाचं आणि परवानगीचं नंतर.

आधी एक गोष्ट पक्की करा

27 एप्रिल 2014 च्या रात्री अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, हायमोर गावाजवळ, एक छोटं विमान पवनचक्कीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले. हवा बिघडत होती आणि विमान फार खालून चाललं होतं. चौकशीत अपघाताचं मुख्य कारण वैमानिकाच्या निर्णयाशी जोडलं गेलं, पण त्या पवनचक्कीवरचा इशारा दिवा बंद होता, हेही त्यात हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं गेलं.

म्हणून 'दिवे बंद करा' ही मागणी कधीच करू नका. दिव्यावर काही झाकणं, वायर काढणं, कर्मचाऱ्याला 'आजच्या रात्रीपुरता बंद कर' असं सांगणं, यातलं काहीही करू नका. रुग्णाला घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर रात्री कमी उंचीवरूनच जातं. आपली मागणी एवढीच ठेवा, की दिवा गरजेपुरता हवा आणि त्याचा झोत आकाशातल्या माणसाकडे हवा.

एक दिवा किती उजळ दिसतो?

पवनचक्कीच्या पात्यांमागे जो मोठा डबा असतो त्याला नॅसेल म्हणतात. इशारा दिवा त्याच्या छतावर बसवतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या नियमांत रात्रीच्या मध्यम तीव्रतेच्या दिव्याला 2,000 कॅन्डेला हा आकडा आहे. कॅन्डेला म्हणजे दिव्यातून एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक. पांढऱ्या लुकलुकत्या दिव्याला दिवसा हाच आकडा 20,000 असतो.

अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो. 2,000 कॅन्डेलाचा दिवा 10 किलोमीटरवरून समोरासमोर आणि स्वच्छ हवेत पाहिला, तर डोळ्यापर्यंत 0.00002 लक्स प्रकाश येतो. लक्स हे एखाद्या जागी पोहोचणाऱ्या प्रकाशाचं माप. हा आकडा नगण्य वाटेल. पण रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, याचा प्रकाश साधारण त्याच्या निम्मा असतो. म्हणजे 10 किलोमीटरवरचा प्रत्येक दिवा व्याधाच्या दुप्पट उजळ, वर तो लुकलुकणारा आणि सोबत त्याची तीस-चाळीस भावंडं. दिव्याची तीव्रता 10 टक्क्यांवर आणली तर तोच दिवा अभिजित ताऱ्यापेक्षा थोडा मंद दिसेल. हे दोन तारे ओळखणारा माणूस हा फरक लगेच मनात धरू शकतो, म्हणून प्रकल्पाच्या लोकांशी बोलताना कॅन्डेलाच्या आकड्यांबरोबर ही तुलनाही सांगा.

पहिली पायरी: नोंदवही

तक्रार बहुधा इथेच अडते. 'फार त्रास होतो' या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. पंधरा रात्री नोंद ठेवा आणि त्यात चंद्र नसलेल्या काही रात्री नक्की धरा. एकाच जागेवरून पाहा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, ढग, धुकं, दूरवरचं काय दिसतं आणि वाऱ्याची दिशा लिहा. वाऱ्याची दिशा कशाला, ते पुढे कळेल.

मग दिव्यांकडे वळा. रंग कोणता? लुकलुकतात की स्थिर जळतात? एका मिनिटात किती वेळा पेटतात? सगळे एकाच क्षणी पेटतात की प्रत्येकाचा ताल वेगळा? मनोऱ्याच्या मध्यावर आणखी दिवे आहेत का? रांगेतल्या कोणत्या पवनचक्कीवर दिवा आहे, कोणत्यावर नाही? साधा नकाशा काढून प्रत्येकीला क्रमांक द्या. फोनवर तिपाईच्या आधाराने दोन मिनिटांची चित्रफीत घेतली की ताल जुळतो की नाही हे आपोआप सिद्ध होतं. छायाचित्र काढणार असाल तर दर वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंग तशाच ठेवा, नाहीतर दोन रात्रींची तुलना करता येणार नाही.

आकाशाचा काळोख मोजायचं छोटं यंत्र मिळतं आणि हौशी निरीक्षक ते वापरतात. त्याचा आकडा नोंदवा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. ते यंत्र डोक्यावरच्या आकाशाची सरासरी घेतं. क्षितिजावर लुकलुकणारा ठिपका त्यात जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे 'मोजणीत काही फरक नाही' असं उत्तर सहज मिळू शकतं.

दुसरी पायरी: आपल्या देशाचा नियम

आयकाओचे नियम पायाभूत असतात, पण प्रत्येक देशाची विमान वाहतूक यंत्रणा त्यात आपापले बदल करते. दिवा किती उंचीपासून लागतो यातच केवढा फरक आहे पाहा: अमेरिकेत साधारण 200 फूट, म्हणजे 61 मीटर, जर्मनीत जमिनीवरच्या पवनचक्कीला 100 मीटर, ब्रिटनमध्ये 150 मीटर. ही उंची पातं उभं असतानाच्या टोकापर्यंतची असते.

नियमाची चालू आवृत्ती मिळवा आणि त्यात चार प्रश्नांची उत्तरं शोधा. रात्री पांढऱ्याऐवजी लाल दिवा चालतो का? प्रत्येक पवनचक्कीवर दिवा हवा की फक्त कडेच्या? हवा स्वच्छ असताना दिवा मंद करता येतो का? विमान जवळ आल्यावरच पेटणारी यंत्रणा चालते का? अनेक प्रकल्पांवर जुन्या आवृत्तीप्रमाणे बसवलेले दिवे तसेच राहून जातात. नियम सैल झालेला असतो, पण कोणी विचारलेलंच नसतं.

तिसरी पायरी: जमिनीवरचे दिवे

हे आधी तपासा, कारण यासाठी विमान वाहतूक खात्याला विचारावंही लागत नाही. मनोऱ्याच्या दारावरचा दिवा, उपकेंद्राच्या आवारातले प्रखर झोत, देखभालीनंतर चालू राहिलेले दिवे. सगळा राग लाल दिव्यांवर असतो आणि परिसर उजळतो मात्र आवारातल्या पांढऱ्या दिव्यांनी, असं होऊ शकतं. इथे मागणी सरळ करता येते: दिवे खाली वळवा, वरून झाका, हालचाल जाणवल्यावरच पेटतील असे करा आणि निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावा. हे आठवड्याभरात होण्यासारखं काम आहे. ते झालं की पुढच्या, अवघड बोलण्यासाठी दोन्ही बाजूंमध्ये थोडा विश्वासही तयार होतो.

चौथी पायरी: संख्या, रंग, ताल

आयकाओ पवनचक्क्यांच्या समूहाकडे एकच अडथळा म्हणून पाहते. समूहाची कड ओळखू यावी, कडेच्या दिव्यांमधलं अंतर मध्यम तीव्रतेसाठी 900 मीटरच्या आत असावं, बरीच उंच असलेली पवनचक्की वेगळी दाखवावी आणि लुकलुकणारे दिवे एकाच क्षणी पेटावेत, असा त्याचा गाभा आहे. आतल्या प्रत्येक पवनचक्कीवर दिवा हवाच असं त्यात नाही. तुमच्या नकाशावर मधल्या पवनचक्क्यांवरही दिवे असतील तर हा प्रश्न लेखी विचारा.

एकूण उंची 150 मीटरच्या वर गेली की नॅसेलवर दुसरा, राखीव दिवा लागतो आणि मनोऱ्याच्या मध्यावर कमी तीव्रतेचे निदान तीन दिवे लागतात. प्रकल्प अजून कागदावर असेल तर हा आकडा डोळ्यासमोर ठेवा. 148 मीटर आणि 155 मीटर यांच्या विजेत फारसा फरक नसेल, पण दिव्यांत आहे.

रंगाबद्दल फार चर्चा नको. रात्री लाल बरा. अंधारात पाहणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या दंडपेशींना गडद लाल प्रकाश फार कमी जाणवतो, त्यामुळे अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या दिव्याइतकी मोडत नाही. दिवसा पांढरा आणि रात्री लाल असा दुहेरी दिवा असेल तर प्रकाश ओळखणाऱ्या फोटोसेलवर लक्ष ठेवा. तो बिघडला तर रात्रभर 20,000 कॅन्डेलाचा दिवसाचा दिवा पेटत राहू शकतो. तसं दिसलं तर ते गाऱ्हाणं नसून नियमभंगाची सूचना ठरते, आणि तिची दखल लवकर घेतली जाते.

स्थिर जळणारा लाल दिवा माणसाला कमी टोचतो, पण पक्ष्यांना घातक ठरतो. रात्री स्थलांतर करणारे पक्षी त्याच्याभोवती घिरट्या घालतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात संदेशवहन मनोऱ्यांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तारांनी ताणलेल्या मनोऱ्यांवरचे स्थिर दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले तर पक्ष्यांचे मृत्यू 50 ते 71 टक्क्यांनी घटू शकतात. 2015 मध्ये अमेरिकी विमान वाहतूक यंत्रणेने मनोऱ्यांवरच्या स्थिर लाल दिव्यांचा नियम बदलला. तेव्हा 'लुकलुकणं थांबवा, स्थिर करा' ही मागणी कितीही मनात आली तरी करू नका. दिव्यांचा ताल जुळवून घ्या, तेवढं पुरेसं आहे. सगळे एकदम पेटले की मधल्या क्षणी पूर्ण काळोख असतो. उपग्रहाच्या घड्याळाला जोडलेला नियंत्रक हे सहज करतो. एखादा दिवा तालातून सुटला असेल तर तो बिघाड आहे, आणि तुमच्या चित्रफितीत तो पकडला जाईल.

पाचवी पायरी: दिव्याची बैठक

याकडे फारसं कोणी पाहत नाही आणि इथे बरंच काही मिळू शकतं. या दिव्याचा झोत आडवा आणि चपटा असतो. 2,000 कॅन्डेला फक्त समोरासमोर मिळाले पाहिजेत. क्षितिजाच्या 1 अंश खाली आयकाओची शिफारस 1,125 कॅन्डेलाच्या वर जाऊ नये अशी आहे, आणि 10 अंश खाली 75 च्या वर जाऊ नये अशी.

हे जमिनीवर उतरवून पाहू. नॅसेल तुमच्या घरापेक्षा 100 मीटर उंच असेल, तर 570 मीटरवरच्या घराला दिवा 10 अंश वर दिसतो. त्या घराच्या वाट्याला झोताचा सगळ्यात क्षीण भाग येतो. 5.7 किलोमीटरवरच्या घराला तो 1 अंश वर दिसतो, म्हणजे ते घर झोताच्या काठावरच आहे. समोरच्या डोंगरावर, नॅसेलच्या पातळीत राहणाऱ्यांना तर पूर्ण झोत मिळतो. पायथ्याची वस्ती शांत आणि लांबच्या डोंगरावरची माणसं त्रासलेली, असं चित्र दिसलं तर कोणी खोटं बोलत नसतं. झोताची भूमितीच तशी आहे.

आता समजा दिवा बसवताना 2 अंश कलला. काठावरच्या त्या घराकडे आता झोताचा गाभा वळला. त्यात नॅसेल वाऱ्याबरोबर फिरतं, म्हणजे कललेल्या दिव्याची खाली झुकलेली बाजूही फिरते. वारा पश्चिमेचा असताना दिवा टोचतो आणि उत्तरेचा असताना नाही, असं तुमच्या नोंदवहीत दिसलं, तर दिव्याची पातळी तपासायला सांगा. पाणसळ, दिव्याखाली सरकवायच्या पातळ पट्ट्या आणि एका तंत्रज्ञाचा अर्धा दिवस, एवढंच हे काम आहे. पुढच्या नियोजित देखभालीत ते सहज बसतं. दिवा जुना असेल आणि त्याचा प्रकाश खालच्या बाजूला सांडत असेल, तर झोत नीट बांधलेला नवा एलईडी दिवा मागा. मात्र दिव्याला बाहेरून वेगळा आडोसा लावायचा हट्ट धरू नका. मान्यता नसलेला आडोसा विमानाच्या बाजूचा प्रकाशही अडवू शकतो.

सहावी पायरी: हवा स्वच्छ तर दिवा मंद

2,000 कॅन्डेला लागतात ते धुरकट हवेसाठी. स्वच्छ रात्री एवढ्याची गरज नसते, आणि तारेही नेमके त्याच रात्री दिसतात. जर्मनीत दृश्यमानता 5 किलोमीटरच्या वर असेल तर दिवा 30 टक्क्यांवर आणि 10 किलोमीटरच्या वर असेल तर 10 टक्क्यांवर आणता येतो. ब्रिटनमध्ये 5 किलोमीटरच्या वर 10 टक्क्यांपर्यंत आणता येतो. त्यासाठी हवेतले कण मोजणारे संवेदक लागतात. मोठ्या समूहात ते एकाहून अधिक ठिकाणी असावेत आणि सर्वांत वाईट नोंद ग्राह्य धरावी. संवेदक बंद पडला तर दिवा आपोआप पूर्ण तीव्रतेवर गेला पाहिजे.

पुढच्या पायरीसाठी पैसा किंवा परवानगी मिळत नसेल तर इथेच जोर लावा.

सातवी पायरी: विमान आलं तरच दिवा

हा खरा उपाय आहे. विमान ठरलेल्या टापूत शिरलं की सगळे दिवे पेटतात, ते गेलं की विझतात. अमेरिकी नियमांत हा टापू समूहाच्या कडेपासून 3 सागरी मैल, म्हणजे साधारण 5.6 किलोमीटर, आणि उंचीत सर्वांत उंच टोकाच्या 1,000 फूट वरपर्यंत धरतात. जर्मनीत 4 किलोमीटर आणि 600 मीटर उंची हे आकडे आहेत. दहा किलोमीटर उंचीवरून जाणारी प्रवासी विमानं या हिशेबात येतच नाहीत. ताशी 200 किलोमीटरने जाणाऱ्या छोट्या विमानाला 11 किलोमीटरचा टापू ओलांडायला साडेतीन मिनिटंही लागत नाहीत. समजा रात्रीत अशी दहा विमानं गेली, तरी बारा तासांच्या रात्रीत दिवे अर्ध्या तासाच्या आसपासच जळतील.

हे करायचे मार्ग मुख्यतः दोन. रडार स्वतः लहरी सोडून विमान शोधतं, त्यामुळे विमानात कोणतंही उपकरण नसलं तरी ते सापडतं. पण ते महाग असतं, लहरींचा परवाना लागतो, आणि डोंगराआडचं विमान दिसावं म्हणून कधी दुसरं रडारही बसवावं लागतं. दुसऱ्या मार्गात विमानातला ट्रान्सपाँडर जे संकेत पाठवतो ते नुसते ऐकायचे. हे बरंच स्वस्त पडतं. अडचण एकच, ज्या विमानात ट्रान्सपाँडर नाही ते या यंत्रणेला दिसत नाही. म्हणून देशात रात्री उडणाऱ्या सगळ्या विमानांना ट्रान्सपाँडर सक्तीचा आहे का, यावर हा मार्ग अवलंबून राहतो. जर्मनीने 2020 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली, आणि इशारा दिवे सक्तीचे असलेल्या जमिनीवरच्या पवनचक्क्यांना गरजेपुरत्या दिव्यांसाठी 1 जानेवारी 2025 ही मुदत घातली. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्याने 2017 मध्ये, तर कॅन्सस आणि वॉशिंग्टन राज्यांनी 2023 मध्ये असे कायदे केले.

प्रकल्पाकडे जाताना क्रम असा ठेवा. आधी टापूतल्या रात्रीच्या विमान वाहतुकीचा अभ्यास मागा, शक्यतो वर्षभराचा. विमानतळ अगदी लगत असेल तर दिवे सारखे पेटत राहतील आणि एवढा खर्च वाया जाईल. ते आधीच कळलेलं बरं. मग सध्याचे दिवे आणि त्यांचे नियंत्रक झटपट चालू-बंद होऊ शकतात का, ते पाहायला सांगा. एलईडीला अडचण नसते, जुने दिवे बदलावे लागतात. शेजारी दुसऱ्या मालकाच्या पवनचक्क्या असतील तर सगळ्यांना एका टेबलावर बसवा. एकच यंत्रणा अनेक समूहांना पुरू शकते आणि खर्च वाटला जातो. शिवाय एकाचे दिवे विझले आणि शेजाऱ्याचे चालू राहिले, तर तुमच्या खिडकीतलं दृश्य बदलत नाही. त्यानंतर विमान वाहतूक यंत्रणेची मंजुरी, उभारणी, प्रत्यक्ष विमान उडवून चाचणी आणि मग वापर.

एक अट करारात पांढऱ्यावर काळं करून घ्या: यंत्रणेत कसलाही बिघाड झाला, संपर्क तुटला, तर दिवे लागले पाहिजेत. बिघाडात दिवे विझवणारी यंत्रणा कोणीही स्वीकारू नये.

पत्रात काय लिहावं

पत्र प्रकल्प चालवणाऱ्यांना लिहा आणि त्याची प्रत परवानगी देणाऱ्या स्थानिक कार्यालयाला द्या. एका पानात बसवा. भाषा साधारण अशी ठेवता येईल:

'आम्ही अमुक तारखेपासून पंधरा रात्री निरीक्षण केलं. सोबत नोंदी आणि चित्रफीत जोडली आहे. क्रमांक 4 आणि 9 चे दिवे इतरांच्या तालात नाहीत. क्रमांक 7 चा दिवा पश्चिमेचा वारा असताना जास्त प्रखर दिसतो. कृपया त्याची पातळी तपासावी. उपकेंद्राचे दिवे रात्रभर चालू असतात. ते झाकावेत ही विनंती. नियमानुसार मंद करण्याची सोय आपल्याकडे आहे का, आणि विमान आल्यावरच पेटणाऱ्या यंत्रणेचा विचार झाला आहे का, हे कळवावं. विमानांची सुरक्षितता कमी होईल असं काहीही आम्ही मागत नाही.'

हे शेवटचं वाक्य गाळू नका. समोरच्याच्या मनातली पहिली शंका तीच असते. पत्रावर सह्या किती आहेत यापेक्षा नोंदी किती नेमक्या आहेत याला जास्त वजन मिळतं, असं मला वाटतं.

प्रकल्प अजून मंजुरीच्या टप्प्यात असेल तर यातलं बरंचसं परवानगीच्या अटींत घालून घ्या. यंत्रणा आधीच धरली तर तिचा खर्च एकूण खर्चात मिसळून जातो. उभ्या झालेल्या पवनचक्क्यांवर नंतर चढवायची तर प्रत्येक दिव्यापर्यंत पुन्हा माणूस पाठवावा लागतो.

बसवून झाल्यावर

नोंदवही बंद करू नका. पहिले तीन महिने महत्त्वाचे. दर महिन्याला दिवे एकूण किती तास पेटले, किती वेळा पेटले आणि त्यांतल्या किती वेळा कारण विमान नसून बिघाड होतं, ही आकडेवारी प्रकल्पाकडून मागा. यंत्रणेत ती आपोआप नोंदलेली असते. एखाद्या रात्री दिवे सलग चालू दिसले तर वेळ लिहून ठेवा आणि सकाळी कळवा. बहुधा संपर्क तुटलेला असतो आणि दिवे नियमाप्रमाणेच लागलेले असतात. उलट कमी उंचीवर विमानाचा आवाज आला, त्याचे दिवे दिसले आणि तरीही पवनचक्क्या काळोख्याच राहिल्या, तर सकाळची वाट पाहू नका. प्रकल्पाच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करा, आणि तो क्रमांक आजच मागून घेऊन नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.